लाव्हा एक, माती अनेक : रियुनियन बेट आणि दख्खनची जमीन

म्हैसूरची चामुंडी टेकडी ज्या ग्रॅनाइटची आहे, तो सुमारे ८० कोटी वर्षांपूर्वी भूगर्भात थिजला. भोवतालचा पट्टिताश्म त्याहूनही कितीतरी प्राचीन. या जुन्या खडकांच्या झिजेतून म्हैसूर परिसरातील तांबडी जमीन घडली. उत्तरेस बेळगाव, विजापूर, कलबुर्गी या जिल्ह्यांत मात्र दख्खनच्या बेसॉल्टचा दक्षिणेकडील काठ लागतो आणि पुढे महाराष्ट्रात त्याचेच थर दूरवर पसरलेले दिसतात. हा लाव्हा म्हैसूरपर्यंत आलाच नाही. तो ज्या उगमातून आला, तो उगम आजही धगधगत असून हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट या उगमावरून, म्हणजे तप्तबिंदूवरून, सरकत होता. भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर होत. झीज होऊनही ते आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापून आहेत. पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला. तप्तबिंदू मात्र जवळपास जागेवरच राहिला. मेणबत्तीच्या ज्योतीवरून कागद हळूहळू ओढावा आणि त्यावर डागांची रांग उमटावी, तशी त्याची खूण समुद्रतळावर उमटली आहे. लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांच्याखालचा पर्वतकणा, नंतर मॉरिशस आणि सर्वांत शेवटी रियुनियन, असा तिचा क्रम आहे.

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ७०० किलोमीटरवर असलेले, फ्रान्सच्या अखत्यारीतील हे बेट गोव्याहूनही लहान आहे. परंतु समुद्रतळापासून मोजल्यास हा सुमारे ७ किलोमीटर उंचीचा पर्वत ठरतो. पाण्यावर दिसते ते केवळ त्याचे टोक. बेटावर दोन ज्वालामुखी आहेत. वायव्येकडील पितों दे नेज (३,०७० मीटर) हा थोरला. तो हजारो वर्षे शांत असून पावसाने त्याच्या अंगावर खोल दऱ्या कोरल्या आहेत. आग्नेयेकडील पितों द ला फुर्नेझ हा धाकटा, सुमारे ५ लाख वर्षांचा, जगातील अत्यंत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. १९७७ मध्ये त्याचा लाव्हा नेहमीच्या निर्जन घळीबाहेर पडून सेंत-रोझजवळील वस्तीत शिरला. त्यानंतर तेथे कायमची वेधशाळा उभारण्यात आली. एप्रिल २००७ च्या उद्रेकात शिखरावरील विवराचा तळ ३०० मीटरहून अधिक खचला आणि समुद्रात उतरलेल्या लाव्ह्याने किनाऱ्याला नवी जमीन जोडली.

शेतीच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब वेगळीच आहे. ज्वालामुखीचा खडक म्हणजे काळी माती, हे समीकरण सरसकट खरे नाही. मराठवाडा-विदर्भाच्या मर्यादित पावसात बेसॉल्टमधील चुना व मॅग्नेशियम टिकून राहतात आणि फुगणारी, भेगाळणारी चिकणमाती तयार होते. तोच बेसॉल्ट महाबळेश्वर व कोकणातील मुसळधार पावसात धुपून जांभा होतो. रियुनियनवर हा फरक एकाच बेटावर पाहावयास मिळतो. पश्चिम बाजू कोरडी. पूर्वेकडे व डोंगरमाथ्यावर पावसाला सीमा नाही. जानेवारी १९६६ मध्ये तेथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, जो जागतिक उच्चांक आहे. ओल्या उतारांवर ज्वालामुखीय राखेपासून हलकी, भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध, परंतु स्फुरद घट्ट धरून ठेवणारी माती बनली आहे.

या बेटाचे प्रमुख पीक ऊस, आणि उसाबरोबर हुमणीही आली. मादागास्करमधून आलेल्या होप्लोकेलस मार्जिनालिस या हुमणीने १९८० च्या दशकात तेथे मोठे नुकसान केले. रासायनिक उपायांसोबत शास्त्रज्ञांनी तिच्या मूळ प्रदेशात शोध घेतला. तेथील रोगग्रस्त हुमणीवर आढळलेली बिव्हेरिया गटातील बुरशी त्यांनी बेटावर आणून उसाच्या मातीत सोडली आणि कीड आटोक्यात आली. या यशामागे त्या विशिष्ट हुमणीशी जुळलेली बुरशी होती. पाकिटावरचे ‘बिव्हेरिया’ हे नाव तेवढ्याने पुरेसे नव्हते.

आपल्याकडे माळावरील हुमणी (होलोट्रिकिया सेराटा) आणि नदीकाठची हुमणी (ल्युकोफोलिस लेपिडोफोरा) यांच्या सवयी भिन्न आहेत. जमिनीही भिन्न आहेत. भारी काळ्या जमिनीत बुरशीचे बीजाणू पाण्यासोबत फारसे खोल झिरपत नाहीत; त्यामुळे मेटारायझियम वर फेकून भागत नाही, ते कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांच्या कक्षेत द्यावे लागते. हलक्या तांबड्या जमिनीत ओलावा लवकर उडतो, म्हणून तेथे वापराची वेळ पाऊस वा पाणीपाळीशी जुळवावी लागते. म्हैसूरची शिफारस कोल्हापुरास जशीच्या तशी देणे म्हणूनच धोक्याचे. हुमणीची जात प्रथम ठरवावी. त्यासाठी अळीच्या शेवटच्या खंडाखालील काट्यांची मांडणी साध्या भिंगातून पाहता येते.