दोन तास नंबर नाही

कबनूर चौक ओलांडून पुढं आलं की रात्री कानात एकच आवाज भरतो, तो यंत्रमागांचा. जानेवारीतल्या त्या रात्री मात्र मागांची खटखट ऐकू येत नव्हती. रस्त्याच्या कडेला साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मध्येच एखादी बैलगाडी. निम्म्याहून अधिक इंजिनं जागेवरच धडधडत होती आणि उसाच्या गोडसर वासावर डिझेलचा धूर बसला होता.

एका जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये मी चढलो. ड्रायव्हरमामांनी तंबाखू मळता मळता सरकून जागा दिली. रांग कशी चालते ते पाहायला मी घड्याळ लावून बसलो. तासाभरात रांग पाच वेळा हलली, दर वेळी ट्रकभर, फार तर दोन ट्रकभर. दोन हालचालींमध्ये कधी चार मिनिटं गेली, तर कधी वीस. साठ मिनिटांत चाकं फिरली ती जेमतेम पाच मिनिटं. बाकी पंचावन्न मिनिटं इंजिन नुसतंच चालू होतं.

“मामा, बंद का करत नाही?”

“बंद करून चालतंय व्हय, पावणं? बॅटरी उतरलीया. सेल्फ न्हाई घेतला तर ढकलाय कोण येणार? पंधरा टन ऊस हाय मागं.”

त्यांनी डॅशबोर्डवरच्या हवेच्या काट्याकडं बोट दाखवलं. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि टाकीत हवा भरायचं काम इंजिनवरचा कॉम्प्रेसर करतो. गाडी जुनी झाली, पाइप-व्हॉल्व्ह झिजले की इंजिन बंद असताना हवा हळूहळू उतरते. मग पुन्हा चालू केल्यावर काटा वर चढेपर्यंत गाडी हलवता येत नाही. “तेवढ्यात मागचा कडंनं घुसतोय. गेला नंबर.” पुढच्या ट्रॅक्टरवाल्याचं कारण वेगळं होतं. त्याचा टेप मागच्या गावापर्यंत ऐकू जाईल एवढा मोठा होता, आणि इंजिन बंद केलं की तो बॅटरी खातो.

यातलं एकही कारण खोटं नाही. नंबर टिकवायचा म्हणून डिझेल जाळायचं, असा हा व्यवहार आहे.

किती जळतं? सहा सिलिंडरच्या ट्रकला जागेवर तासाला दीड लिटर धरू. रात्रीचे सहा तास धरले तर नऊ लिटर झाले. लिटरला नव्वद रुपये भाव धरला तर आठशे दहा रुपये. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं, तर एवढ्या डिझेलात कबनूरहून कोल्हापूर गाठता येतं. इथं ट्रक जागचा हललेलाही नसतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे रात्रीत एका गाडीचा चोवीस किलो.

इंजिनालाही हे मानवत नाही. भार नसताना ते पुरेसं तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, काजळी साचते, थोडं डिझेल ऑइलमध्येही उतरतं. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांची वेगळीच अडचण. विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी त्यांची यंत्रणा सायलेन्सरमधून जाणारा वायू पुरेसा गरम असेल तरच काम करते. जागेवरच्या इंजिनात तो थंड राहतो. गाडी नवी, पण रांगेत तिचा धूर जुन्याच्या वळणावर जातो. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्ये जाहीर केलं आहे. तो धूर आधी जातो ड्रायव्हरच्या छातीत, मग रस्त्याकडेच्या घरांत.

पैसे कोण भरतं? वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर ठरतो. थांबण्याला दर नाही. त्यामुळं डिझेल जातं गाडीमालकाच्या खिशातून. तो दर वाढवून मागतो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो शेतकऱ्याच्या ऊसबिलातून. तोडलेला ऊस रांगेत वाळतो, वजन आणि साखर दोन्ही घटतात, ते नुकसान आणखी वेगळं. कबनूरच्या माणसाला थांबलेल्या मागाचा तोटा तोंडपाठ असतो. थांबलेल्या ट्रकचा हिशेब मात्र कुणाच्याच वहीत नाही.

जवळच्या गंगानगरात देशभक्त रत्नाप्पा कुंभारांनी पंचगंगा कारखाना उभा केला, त्या काळात ऊस वाहायचे ते मुख्यतः बैल. त्या रात्रीच्या रांगेतही एक बैलजोडी वाढे चघळत उभी होती. थांबल्यावर बैल बसतो, रवंथ करतो. इंजिनाला ते जमत नाही.

परदेशात इंजिन असं जागेवर चालू ठेवण्यावर कायदे आहेत. कॅलिफोर्नियात मोठ्या ट्रकला पाच मिनिटांपेक्षा जास्त इंजिन जागेवर चालू ठेवता येत नाही. न्यूयॉर्क शहरात ही मर्यादा तीन मिनिटांची, आणि व्हिडिओसह तक्रार करणाऱ्या नागरिकाला दंडातला चौथा हिस्सा मिळतो. काही थांब्यांवर ट्रकला विजेची जोडणी देतात, काही गाड्यांत बॅटरीवरचा एसी असतो. आपल्याकडं ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. ड्रायव्हरसाठी ती हवीच. पण हा एसी इंजिनावर चालतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या रांगांत इंजिन बंद न करण्याचं आणखी एक कारण तयार झालं. ज्या गावात गल्लोगल्ली मागांसाठी वीज पोचली, तिथं गाडीतळावर चार प्लग पोचवणं अवघड नसावं.

पण त्या रात्री मला जे दिसलं, त्यात यंत्राचा संबंधच नव्हता.

दीडच्या सुमारास पुढून एक पोरगा मोटारसायकलवर ओरडत आला, “मिल बंद पडलीया! दोन तास नंबर न्हाई!”

मामांनी एक शिवी हासडली आणि चावी फिरवली. पुढचा ट्रॅक्टर बंद झाला, टेपसकट. मग त्याच्या पुढचा, आमच्या मागचा. रांगेतून शांतता अशी सरकत गेली की ती जाताना दिसावी. मघाच्या उतरलेल्या बॅटऱ्या, झिजलेले व्हॉल्व्ह सगळं तसंच होतं. फक्त किती थांबायचं ते कळलं होतं.

“आता सेल्फ न्हाई घेतला तर?” मी विचारलं.

“दोन तास हाईत की. ढकलाय चार माणसं गोळा करतो.” मामांनी सीटवर चादर ओढली. “असं आधी सांगितलं तर कोण कशाला जाळंल? आम्हाला काय डिझेल फुकट मिळतंय?”

आगाऊ टोकन, मोबाइलवर वेळ, नंबर येईपर्यंत गाडी उभी करायला मोकळं आवार, एवढंच मामा मागत होते. घुसणाऱ्याला वजनकाट्यावरून परत पाठवलं, म्हणजे नंबर राखायला इंजिनाची गरज उरत नाही.

मी खाली उतरलो. धूर विरत चालला होता. आणि कबनूरच्या बाजूनं, इतका वेळ दबलेली, मागांची खटखट ऐकू यायला लागली.