पाच दिवसांचं स्थलांतर आणि दोन ओळींची अदलाबदल

जीसीसीने प्रोग्राम कंपाइल करताना एखादा इशारा दिला, की त्या ओळीच्या शेवटी कंसात पर्यायाचं नाव येतं. २०२० साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून बऱ्याच टर्मिनलमध्ये त्या नावावर क्लिक केलं, की मॅन्युअलमधली नेमकी जागा उघडते. म्हणजेच मॅन्युअलचे पत्ते कंपायलरच्या पोटातच भरलेले असतात!

जीसीसी हा १९८७ पासूनचा मुक्त कंपायलर. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने त्याच्या अभ्यासासाठी खास केंद्र चाललं. इथे अल-खोबरमध्ये माझे फोर्ट्रानचे प्रोग्रामही त्यावरच चालतात. त्याचं मॅन्युअल टेक्सिन्फो या पद्धतीत लिहिलेलं आहे. साध्या मजकुरात '@' ने सुरू होणाऱ्या खुणा पेरायच्या. मग त्याच मजकुरातून छापील पुस्तक, टर्मिनलवर वाचायचं 'इन्फो' आणि वेबपानं अशी तिन्ही रूपं निघतात.

९ नोव्हेंबर २०२२ रोजी हे सगळं मॅन्युअल स्फिंक्स या नव्या पद्धतीत नेलं गेलं. पायथनसाठी जन्मलेली स्फिंक्स आज एलएलव्हीएम आणि लिनक्स कर्नलही वापरतात; तिची पानं देखणी असतात. पण पानांची नावं बदलली आणि लोकांकडे असलेल्या जुन्या दुव्यांचा प्रश्न उभा राहिला. शिवाय मॅन्युअल तयार करायला स्फिंक्सची बरीच नवी आवृत्ती लागत होती. १४ नोव्हेंबरला सगळं पुन्हा टेक्सिन्फोवर आलं.

गोष्ट इथे संपत नाही. टेक्सिन्फोत एक जुनी खोड होतीच. प्रत्येक पर्यायासाठी आधी शीर्षकाची खूण आणि तिच्याखाली सूचीची खूण असे. छापील पुस्तकात याने काही बिघडत नाही. सूचीला फक्त पान क्रमांक हवा असतो, ओळ वर असो की खाली. वेबपानावर मात्र सूचीची खूण हाच दुव्याचा मुक्काम. त्यामुळे दुव्यावरून येणारा वाचक शीर्षकाच्या खाली उतरायचा आणि पर्यायाचं नाव पडद्याच्या वर निघून जायचं. आपण कुठे आलोय, हे कळायला वर सरकावं लागे.

२०२३ मध्ये यावर उपाय झाला: दोन्ही ओळींची अदलाबदल. सूचीची खूण वर, शीर्षक खाली. बहुतेक बदल एका छोट्या स्क्रिप्टने केले आणि मग ते डोळ्यांखालून घातले. पत्ते तेच राहिले, वाचक मात्र योग्य जागी उतरू लागला.

आपल्या प्रयोगशाळेतल्या किंवा कंपनीतल्या कागदपत्रांची पद्धत बदलायची चर्चा निघाली, तर आधी एवढंच विचारा: आपल्या पानांचे पत्ते कुणाकुणाकडे आहेत? पद्धत बदलली तरी ते चालू राहिले पाहिजेत. आणि वाचकाची नेमकी अडचण काय, ते त्याच्या जागी बसून पाहा. कधी कधी ती दोन ओळींत सुटते.