संगणकाचा वीजपुरवठा

खेळांसाठीं संगणक घेतांना सारें लक्ष ग्राफिक्स कार्डाकडे जातें. पॉवर सप्लाय मात्र उपेक्षित राहतो. घरांतील २३० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून १२, ५ व ३.३ व्होल्टांचा एकदिश प्रवाह निर्माण करणें हें त्याचें काम. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांचा भार मुख्यतः १२ व्होल्टांवर पडतो. म्हणून वेष्टनावरील ठळक वॉटसंख्येस न भुलतां तक्त्यांत १२ व्होल्टांपुढील अँपिअर पाहावे व गुणाकार करावा: ५० अँपिअर म्हणजे ६०० वॉट. हा आंकडा जाहीर वॉटसंख्येहून फारच कमी भरल्यास तो माल टाळावा. ‘८० प्लस’ ही खूण विजेच्या काटकसरीची आहे, सुरक्षिततेची नव्हे. अतिप्रवाह, अतिदाब वा शॉर्टसर्किट होतांच पुरवठा तोडणारी योजना अवश्य असावी. नाहींतर पॉवर सप्लाय बिघडतांना इतर महागडे भागहि जळूं शकतात, आणि स्वस्ताई महागांत पडते.