कमी खर्चात जिवाची रीगा

जिवाची मुंबई करायची तर खिसा जड लागतो. लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगात, तो हलका असला तरी भागतं, कारण हे शहर मुळातच काटकसरी आहे.

पुरावा रेल्वे स्टेशनला लागूनच उभा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी झेपेलिन ही अजस्र हवाई जहाजं ठेवायला लॅटव्हियात हँगर बांधले होते. युद्ध संपलं, जर्मन गेले, सांगाडे उरले. रीगाकरांनी ते सुटे करून आणले आणि त्यांतून मंडईची पाच छपरं उभी केली! 1930 पासून तिथे भाजी, मासळी, मटण, दूधदुभतं सगळं विकलं जातं. जिथे विमानाहून मोठी धुडं विसावायची, तिथे आज आजीबाई पिंपातली आंबवलेली कोबी चाखायला देतात. दुपारचं जेवण इथेच उरकावं. काळीभोर राय पावाची लादी, धुरी दिलेला मासा, काकडी. शाकाहाऱ्यांनी शहाजिरं घातलेलं चीज घ्यावं. राखाडी वाटाण्याची उसळ हा इथला लाडका पदार्थ, पण तीत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तेव्हा आधी विचारा.

पोट भरलं की अल्बर्टा रस्त्यावर जा आणि मान वर करून चाला. तिकीट नाही, रांग नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आर्ट नूव्हो शैलीतल्या इमारती शहरात शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या सगळ्यात नाटकी इमारती मिखाइल आयझेनश्टाइन नावाच्या इंजिनियरच्या. किंचाळणारे चेहरे, सिंह, स्फिंक्स, हात आखडता म्हणून घेतलेला नाही. ‘बॅटलशिप पोटेमकिन’वाला दिग्दर्शक सर्गेई हा त्याचाच मुलगा, जन्म इथलाच, 1898 चा. बापाची ही सजावट लेकाला मुळीच पटत नसे. मला विचाराल तर यात मी बापाच्या बाजूचा.

जुन्या शहरातल्या एका पिवळ्या इमारतीच्या छपरावर शेपट्या ताठ केलेली मांजरं आहेत. कथा अशी, की व्यापाऱ्यांच्या संघाने एकाला सभासद करून घेतलं नाही, म्हणून त्याने समोरच्या संघाच्या इमारतीकडे मांजरांची पाठ करून ठेवली. खरं-खोटं मांजरं जाणोत. फोटो फुकट.

सेंट पीटर्स चर्चचा मनोरा 123 मीटर उंच आहे. जुनी समजूत अशी, की मनोरा पुरा झाल्यावर कारागिराने वरून पेला फेकायचा. जितके तुकडे, तितकी वर्षं मनोरा टिकणार. 1746 साली पेला नेमका गवताच्या गाडीत पडला म्हणे, फुटलाच नाही धड! तरी मनोरा जवळपास दोनशे वर्षं उभा राहिला. 1941 च्या युद्धात तो जळाला. आताचा नंतर बांधलेला.

रीगात ज्याला पैशाचं गणित जमलं नाही, असा पाहुणा म्हणजे संगीतकार रिचर्ड वाग्नर. 1837 मध्ये इथल्या नाट्यगृहात नोकरीला आला, डोक्यावर कर्ज करून 1839 मध्ये सावकारांना चुकवून पळाला. पुढच्या समुद्रप्रवासात वादळ भेटलं, त्यातून ‘द फ्लाइंग डचमन’ या ऑपेराला खाद्य मिळालं. उधारीचा एवढा सुरेल उपयोग क्वचितच झाला असेल.

समुद्र हवाय? युर्मालाची लोकल पकडा, अर्ध्या तासात पांढरी वाळू आणि पाइनची झाडं. पाणी उथळ आणि जुलैतही गारच. भाड्याची गाडी नेऊ नका. उन्हाळ्यात तिला युर्मालात शिरायचेच पैसे पडतात.

पहिला सजवलेला ख्रिसमस ट्री 1510 मध्ये आमच्याकडे उभा राहिला, असं रीगा म्हणते. एस्टोनियाचं टॅलिन 1441 सांगतं. भांडण चालू आहे, आपण मध्ये पडू नये. तसंच 1752 पासूनच्या ‘ब्लॅक बाल्सम’ या 45 टक्के मद्यार्काच्या कडवट काढ्याचं: आधी एक घोट, बाटली नंतर.

हिवाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात म्हणून भुलू नका. डिसेंबरात उजेड सात तासही पुरत नाही. जूनमध्ये रात्री दहापर्यंत ऊन असतं, म्हणजे खोलीभाडं थोडं जास्त पडलं, तरी दिवस दुपटीहून मोठा. फक्त 23 आणि 24 जूनला यानी सणाची सुट्टी असते. शेकोट्या पेटवायला अर्धं शहर गावाकडे जातं, बरीच दुकानं बंद असतात. त्या दोन दिवसांचा पाव-चीज आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.