चिनी भांड्यांच्या बुडावरील शिक्के व त्यांचें प्रामाण्य

पोथीच्या पुष्पिकेंतील शक त्याच प्रतीच्या लेखनाचा असतो असें नाहीं. मूळ प्रतींतील शक नकलकार जसाच्या तसा उतरून ठेवतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आम्हीही एकदां अशा शकावर विसंबून एका पोथीचें वय शंभर वर्षांनीं वाढवून बसलों होतों. कागद उजेडापुढें धरला तेव्हां डोळे उघडले. चिनी भांड्यांच्या संग्राहकांकडून नेमका हाच प्रमाद घडतो.

ह्या भांड्यांचें मुख्य पीठ म्हणजे चीनच्या च्यांगशी प्रांतांतील चिंगदचन हें नगर. मिंग बादशाहांच्या काळीं तेथील सरकारी भांड्यांच्या बुडावर निळ्या रंगानें सहा अक्षरें लिहीत. ‘थोर मिंग वंशाच्या छंगह्वा कारकीर्दींत घडविलें,’ असा त्यांचा एका शिक्क्यापुरता अर्थ. ही कारकीर्द इ. स. १४६५ ते १४८७ ची. तींतील लहान पेल्यांचें वेड चिनी रसिकांना तेव्हांपासून आहे. कोंबडा-कोंबडीचें चित्र असलेला असा एक पेला २०१४ सालीं हाँगकाँग येथें २८ कोटी डॉलरांस (तेथील) गेला.

आतां गोम अशी कीं, हाच शिक्का खांगशी बादशहाच्या (१६६२–१७२२) वेळच्या असंख्य भांड्यांवर सांपडतो. १६७७ सालीं चिंगदचनच्या अधिकाऱ्यानें बादशहाचें नांव भांड्यांवर घालण्यास मनाई केली. भांडें फुटून उकिरड्यावर गेलें तर नांवाची विटंबना होईल, ही भीति. मग कुंभारांनीं कोठें नुसतीं दोन वर्तुळें काढून आंतली जागा मोकळी ठेविली, कोठें एखादें पान काढिलें, कोठें गतकालीन बादशहाचें नांव घातलें. ह्यांत सर्वत्र कपट होतें असें आम्हांस वाटत नाहीं. जुन्या कारागिरांविषयींचा आदरही त्यांत होता. फसतो तो आजचा ग्राहक.

शिक्का सोडून शरीर पाहावें, तर तेथेंही सावधगिरी हवी. श्वान्द कारकीर्दींतील (१४२६–१४३५) निळ्या रंगांत, परदेशाहून आणलेल्या कोबाल्टमुळें, काळसर ठिपके उमटत. अठराव्या शतकांतील कारागिरांनीं तेच ठिपके कुंचल्यानें मुद्दाम देऊन त्याची नक्कल केली. नकलकारानें मूळांतील लेखनदोषही भक्तिभावानें उतरावे, तशांतलाच हा प्रकार!

उलट, मालकानें मागाहून कोरलेलीं अक्षरें अधिक विश्वसनीय. इराणच्या शाह अब्बासानें १६११ सालीं अर्दबीलच्या दर्ग्यास हजारांहून अधिक चिनी भांडीं वक्फ केलीं व त्यांवर तशी मुद्रा कोरविली. अर्थात् तें प्रत्येक भांडें त्या सालापूर्वींचेंच. जहांगीर व शाहजहान यांचीं नांवें कोरलेलीं भांडींही उपलब्ध आहेत. ज्यांच्या संग्रहीं जुनें चिनी ताट किंवा सुरई असेल, त्यांनीं बूड व कांठ भिंगानें तपासावा, आणि फारसी अक्षरें दिसल्यास ओरखडे समजून घासूं नयेत. आधीं त्यांचा ठसा कागदावर उतरून घ्यावा.