सातबाऱ्यावरची आपली सही

मैत्रिणींनो, गावच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? आमच्या खोताच्या वाडीत हा प्रश्न विचारला की बायका हसतात. "आमचं कसलं नाव? ते सगळं भाऊ बघतात!" पण वडिलांच्या मागे वारसनोंद झाली असेल, तर लेकींचीही नावं लागलेली असतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. हे नाव नुसतं कागदावर पडून राहत नाही. गावाकडे एखाद्या बाईचं घर त्यावाचून अडू शकतं.

'घरकुल' हा शब्द आपण इंदिरा आवास योजनेपासून ऐकतोय. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली आणि २०२४ साली ती २०२९च्या मार्चपर्यंत वाढवली. पुष्कळांना वाटतं हे कर्ज आहे. तसं नाही, हे अनुदान आहे. मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. राज्य सरकारनं २०२५ मध्ये आणखी ५० हजारांची भर जाहीर केली. पैसे बांधकाम पुढे सरकेल तसे हप्त्यानं, थेट खात्यात येतात. घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकघर धरून. म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढं! आणि ते बाईच्या नावावर किंवा नवराबायकोच्या जोडनावावर व्हावं, असा नियम आहे. मला तो फार आवडतो. वरती लागेल तर ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्जही काढता येतं, पण तो ऐच्छिक भाग.

पात्र कोण? ज्यांना घर नाही, किंवा कच्च्या भिंतींच्या, कच्च्या छपराच्या दोन खोल्यांत जे राहतात ते. पूर्वी दारात मोटारसायकल किंवा घरात फ्रिज असला तरी नाव कटायचं. २०२४ साली या अटी गेल्या. आता रिक्षा वा चारचाकी, घरात सरकारी नोकरी, महिन्याला १५ हजारांवर कमावणारं माणूस, प्राप्तिकर, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन, असं काही असेल तर नाव बाद. घरात १६ ते ५९ वयाचा पुरुष नाही, बाईच कुटुंब चालवते, ही गोष्ट मात्र यादीत वर नेते. यादीवर शिक्कामोर्तब ग्रामसभा करते.

कोकणात अशा बाया किती! २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची दहा वर्षांत घटली. सिंधुदुर्गात चौरस किलोमीटरला जेमतेम १६३ माणसं. घरं विखुरलेली, बरीचशी कुलूपबंद. चाकरमानी इकडे, म्हातारी तिकडे.

गरिबी सिद्ध होते, पण पायाखालची जागा सिद्ध होत नाही. आमच्या वाडीला नाव पडलं ते दादोबा वामन खोतांवरून. त्यांनी इथल्या जागा विकल्या, प्रकरण मिटलं. कोकणातली खोती १९४९च्या कायद्यानं गेली खरी, पण जमिनींचा गुंता राहिला. सामाईक सातबाऱ्यावर पंधरा-पंधरा नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत!

आमच्या शेजारणीच्या थोरल्या जाऊबाई राजापूर तालुक्यात एकट्या राहतात. मातीच्या भिंती, पडवी गेल्या पावसात बसली. यादीत नाव आलं. पण जागा सामाईक, म्हणून ग्रामपंचायतीनं हिस्सेदारांची संमती मागितली. अकरा सह्या, त्यातल्या सात मुंबईकडच्या. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आज सही दिली की उद्या जागा गेली." ही भीती अगदीच खुळी नाही. मात्र संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमतीपत्रात घर बांधायला हरकत नाही एवढंच असतं, हिस्सा जात नाही. हक्क सोडायचा तर त्याचा नोंदणीकृत दस्त लागतो. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका. घर कुठे, किती फुटांचं, आणि 'माझा हिस्सा कायम' हे त्यात लिहून घ्या. कायमचा निकाल हवा असेल तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटप होतं, पण तेही सगळे एका जागी बसले तर.

सातबारा आता मोबाईलवरही बघता येतो. आम्ही शेजारणीच्या घरी बसून तो काढला, तेव्हा तिच्या दोन नणंदांची नावं निघाली. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती! एकीनं लगेच सही दिली. दुसरी नालासोपाऱ्याला असते, माहेराशी बोलणं तुटलेलं. जाऊबाईंचं घर आता तिच्यावाचून अडलंय. येत्या रविवारी आम्ही दोघी तिच्याकडे जाणार आहोत.