आलेखातला उंचवटा आणि चार क्वार्कचा कण

चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांच्या बांधलेल्या जोडीला चार्मोनियम म्हणतात. या कुळातला पहिला कण, जे-साय, नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्ड येथील दोन गटांना स्वतंत्रपणे सापडला. सॅम्युएल टिंग आणि बर्टन रिश्टर यांना त्यासाठी १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हायड्रोजनच्या अणूप्रमाणे या जोडीतही ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. २००३ पासून मात्र या पायऱ्यांवर न बसणारे कण सापडू लागले. त्यांना चार्मोनियमसदृश अवस्था म्हणतात.

त्यांच्या अभ्यासासाठी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्कर विशेष उपयोगी ठरते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करतात आणि त्यांची सगळी ऊर्जा क्षणभर एका आभासी फोटॉनमध्ये एकवटते. त्यातून थेट जन्मणाऱ्या कणाचे वस्तुमान या ऊर्जेवरून कळते. त्याची फिरकीही फोटॉनइतकीच असते. म्हणून शास्त्रज्ञ टकरीची ऊर्जा थोडी थोडी वाढवत प्रत्येक ठिकाणी ठरावीक प्रकारच्या घटना मोजतात. आलेखात जिथे उंचवटा दिसतो, तिथे कण असण्याचा संभव असतो. उंचवट्याची रुंदी कणाचे आयुष्य सांगते: रुंदी जास्त, तर आयुष्य कमी.

२००५ मध्ये स्टॅनफर्डच्या बाबर प्रयोगात ४.२६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ असा उंचवटा दिसला. टकरीपूर्वीच एखादा फोटॉन निसटला की उरलेली ऊर्जा कमी होते. त्या कमी ऊर्जेच्या घटना निवडून तो सापडला. या कणाला वाय-४२६० हे नाव मिळाले. इतक्या ऊर्जेचे चार्मोनियम सहज फुटून दोन डी मेसॉन (मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीचा कण) व्हायला हवेत. हा कण मात्र जे-साय आणि दोन पायॉन (हलके मेसॉन) यांच्या रूपात ठळकपणे दिसला.

चीनमधील बीजिंगच्या बीईएस-३ प्रयोगाने याच पट्ट्यात बारीक अंतराने मोजणी केली. २०१७ मध्ये त्या एका उंचवट्यात दोन रचना दिसल्या: एक ४.२२ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि दुसरी ४.३२ ला. त्याआधी, २०१३ मध्ये, बीईएस-३ आणि जपानमधील बेल या दोन्ही प्रयोगांना झेडसी-३९०० हा विद्युतभारित कण आढळला होता. चार्म आणि प्रतिचार्म यांचे भार एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे निव्वळ चार्मोनियमवर भार असूच शकत नाही. म्हणजे चार्म-प्रतिचार्म जोडी असलेल्या या भारित कणात किमान चार क्वार्क असले पाहिजेत.

हे चार क्वार्क एकाच घट्ट गोळ्यात बांधलेले आहेत, की दोन मेसॉन रेणूतल्या अणूंप्रमाणे सैलसर जोडले गेले आहेत, हा वाद अजून मिटलेला नाही. वाय-४२६० बाबत तिसरीही कल्पना आहे: क्वार्कच्या जोडीबरोबर त्यात क्वार्कना बांधून ठेवणारा एक उत्तेजित ग्लुऑन असावा. प्रत्येक कल्पनेनुसार कण वेगवेगळ्या रूपांत, वेगवेगळ्या प्रमाणात फुटतो. म्हणूनच एकाच ऊर्जेला निरनिराळ्या विघटनांची मोजणी करून ती प्रमाणे ताडून पाहणे, हीच या कणांच्या अंतरंगाची खरी कसोटी आहे.